आंबा संपला तरी सर्व्हर चालूच : क्लाउडचं बिल कमी करताना

देवगड तालुक्यातल्या आमच्या हापूस बागायतदारांच्या गटाचं क्लाउडचं बिल २०२४ च्या जून महिन्यासाठी जीएसटी धरून ४२ हजारांच्या आसपास आलं. एप्रिलमध्ये ते ६० हजारांवर गेलं होतं, पण तेव्हा कोणाची तक्रार नव्हती. एप्रिलमध्ये वेबसाइटवर दिवसभर बुकिंग चालू असतं, पेट्यांची लेबलं छापली जात असतात, पैसे जमा होत असतात. जूनमध्ये यातलं काहीच नसतं. अध्यक्षकाकांनी बिल माझ्यासमोर ठेवून विचारलं, "अगो, आंबो मे म्हयन्यात संपलो, मगे ह्यां बिल कित्या येतां?"

प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचं नेमकं उत्तर गटात कोणाकडेच नव्हतं. मी गटाचं संगणकाचं काम बघते, पण ही सगळी यंत्रणा मी उभी केलेली नाही. गावातलाच एक मुलगा पुण्याला नोकरीला आहे, त्याने २०१९ मध्ये एडब्ल्यूएसवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरांवर, ती उभी करून दिली. पुढे गरज पडेल तशी त्यात कोणी ना कोणी भर घालत गेलं. कोकण किनाऱ्यावर असे कितीतरी गट, होमस्टे, मसाले आणि काजूचे छोटे उद्योग आहेत, ज्यांची वेबसाइट अशीच ओळखीतल्या कोणीतरी करून दिलेली असते. त्यांच्यापैकी कोणाला हे काम करायचं असेल तर कुठे काय लागतं ते आधी कळावं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात लॉगिनपासून झाली आणि जुलैचा बराचसा भाग त्यातच गेला. माझ्याकडे जो यूझर होता त्याला बिलाचं पानच दिसत नव्हतं. एडब्ल्यूएसमध्ये मूळ खातेदार, म्हणजे रूट यूझर, वेगळा असतो, आणि बाकीच्यांना, म्हणजे त्या खात्यात तयार केलेल्या आयएएम यूझरना, बिल दिसावं अशी परवानगी त्या रूटने एकदा चालू करून द्यावी लागते. आमचं रूट खातं २०१९ मधल्या सचिवांच्या, म्हणजे नानांच्या, खाजगी ईमेलवर होतं. पासवर्ड त्यांनी वहीत लिहून ठेवला होता, पण त्यानंतर लागणारा सहा आकडी कोड त्यांच्या जुन्या मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये यायचा आणि तो मोबाइल कधीच बाद झाला होता.

यावर वाट आहे. लॉगिनच्या पानावर एमएफए उपकरणाची, म्हणजे हा जादा कोड देणाऱ्या मोबाइलची, अडचण असल्याचं सांगितलं, की आधी खात्याच्या ईमेलवर पडताळणी होते आणि मग नोंदवलेल्या फोन नंबरवर कॉल येतो. पडद्यावर दिसणारे आकडे त्या कॉलवर दाबायचे असतात. नोंदवलेला नंबर नानांचा, नाना कोल्हापूरला लेकीकडे, आणि पडदा माझ्यासमोर देवगडात. शेवटी त्यांच्या लेकीला माझ्या फोनवर घेतलं. मी एकेक आकडा सांगत होते, ती तो नानांना मोठ्याने सांगत होती आणि नाना दुसऱ्या फोनवर दाबत होते. त्यात इकडे पाऊस धो धो, मधूनच वीज जायची, वीज गेली की राऊटर बंद आणि पडदा परत पहिल्यापासून. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो आणला तेव्हाच हे काम पुरं झालं. ज्यांना असं काही करायचं आहे त्यांनी हे पावसाळ्याआधी करावं, किंवा निदान यूपीएस आधी घ्यावा.

आत गेल्यावर सगळ्यात आधी रूटचा ईमेल बदलून गटाच्या नावाचा केला, फोन नंबर बदलला आणि नवीन एमएफए दोन जणांकडे लावला. त्यासाठी मासिक सभेत ठराव घेतला. काहींना तो नुसता कागदोपत्री सोपस्कार वाटला, पण नानांची मात्र तशी इच्छा होती. आपल्या नावावरचं खातं गटाकडे रीतसर सुपूर्द झाल्याची नोंद हवी, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं.

मग बिल वाचायला घेतलं. बिलाच्या पानावर सेवेप्रमाणे आकडे दिसतात, पण तेवढ्याने फारसं कळत नाही. आमच्याकडे सर्वांत मोठी ओळ होती 'ईसी-टू अदर'. ईसी-टू म्हणजे भाड्याची मशीन (सर्व्हर). 'अदर' हे नाव पाहून काही बोध होत नाही, पण नॅट गेटवे (आतल्या मशीनना बाहेर इंटरनेटशी जोडणारी सेवा), ईबीएसच्या डिस्क (मशीनला जोडायची साठवण), त्यांचे स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या वेळच्या प्रती) असं बरंच काही त्यात येतं. कॉस्ट एक्सप्लोरर, म्हणजे खर्चाची फोड दाखवणारं पान, चालू केलं. पहिल्यांदा चालू केलं की माहिती दिसायला साधारण एक दिवस जातो. तिथे 'यूसेज टाइप'प्रमाणे वर्गवारी लावली की खरं चित्र उलगडतं. रीजन म्हणजे सर्व्हर जिथे आहेत तो भाग. मुंबई रीजनच्या ओळींच्या सुरुवातीला 'एपीएस३' असं असतं. आमच्याकडे काही ओळींना असा उपसर्गच नव्हता. नॉर्थ व्हर्जिनियाच्या बऱ्याच ओळी अशा येतात. म्हणजे देवगडच्या आंब्याचं काहीतरी अमेरिकेतही चालू होतं! कन्सोलमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या नियंत्रणाच्या पानावर, वर एका वेळी एकच रीजन निवडलेला असतो, त्यामुळे मुंबई निवडून बघणाऱ्याला व्हर्जिनियातली मशीन कधी दिसतच नाहीत. 'ईसी-टू ग्लोबल व्ह्यू' नावाचं पान सगळे रीजन एकत्र दाखवतं. तिथूनच सुरुवात करावी.

बंद केलेली मशीनही होती. इथे पुष्कळांचा गैरसमज असतो, म्हणून स्पष्ट सांगते: ईसी-टू मशीन थांबवलं की मशीनचं भाडं थांबतं, त्याला जोडलेल्या डिस्कचं थांबत नाही. चाकरमान्याचं घर वर्षभर कुलपात असलं तरी ग्रामपंचायतीची घरपट्टी येतेच, तसं ते आहे. मुंबई रीजनमध्ये जीपी-२ प्रकारच्या डिस्कचा दर एका जीबीला महिन्याला ०.११४ डॉलर होता, आणि ती रिकामी असो की भरलेली, जेवढ्या आकाराची घेतली तेवढ्याचे पैसे. मशीन कायमचं काढून टाकताना मूळ डिस्क सहसा त्याच्याबरोबर जाते, पण नंतर जोडलेल्या डिस्क तशाच मागे राहतात. आमच्याकडे अशा सुट्या पडलेल्या बऱ्याच निघाल्या.

एक शीट केली. प्रत्येक वस्तूचा आयडी, नाव, रीजन, कधी तयार झाली, महिन्याचा खर्च, कशासाठी, कोण सांगू शकेल, आणि काय करायचं. पहिले पाच रकाने कन्सोलवरून भरता आले. शेवटच्या तीनसाठी माणसं लागली, आणि या सगळ्या कामातला खरा वेळ त्यातच गेला. 'टेस्ट-२', 'न्यू-फायनल', 'टेम्प' ही नावं बघून कोणालाच काही सांगता येत नव्हतं. कोणी काय तयार केलं ते क्लाउडट्रेलमध्ये दिसतं, पण तिथला इतिहास ९० दिवसांचाच असतो, तीन-चार वर्षांपूर्वीचं त्यात काही सापडत नाही. त्यामुळे मी एक नियम घालून घेतला: जोवर एखादी वस्तू कशासाठी होती ते कोणी सांगत नाही, तोवर ती काढायची नाही. थांबवायची, टॅग लावायचा, वाट बघायची. या नियमापायी महिन्याला काही हजार जास्त गेले, पण तो आम्हाला किती उपयोगी पडला ते पुढे येईलच.

पहिला हात इलॅस्टिक आयपींना, म्हणजे आपल्या नावावर राखून ठेवलेल्या इंटरनेट पत्त्यांना, घातला. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही-४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर पडतात, वापरात असो वा नसो. म्हणजे तेव्हा एका पत्त्याचे महिन्याला साधारण तीनशे रुपये, वर जीएसटी. काही पत्ते कशालाच जोडलेले नव्हते. ते सोडून देणं सोपं, पण एकदा सोडलेला पत्ता परत मिळेलच असं नसतं, म्हणून आधी डोमेनच्या डीएनएस नोंदी (वेबसाइटचं नाव कोणत्या पत्त्याला जातं ते सांगणाऱ्या) तपासल्या. नोंदींत त्यांचा काही संबंध दिसला नाही. तरीही एकदा पॅकिंग शेडमध्ये जाऊन आले, आणि गेले ते बरं झालं. लेबल छापणाऱ्या संगणकाच्या वर भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता, कडेने पिवळा पडलेला, त्यावर पेढीचे, टेम्पोवाल्याचे, पुठ्ठ्याच्या खोकेवाल्याचे नंबर, आणि सगळ्यांत खाली स्केचपेनने लिहिलेला एक आयपी पत्ता. लेबलचा प्रोग्राम डोमेनचं नाव न वापरता थेट त्या पत्त्याला जोडला जायचा. सीझनमध्ये लेबलचं क्लाउडवरचं मशीन चालू केलं की पत्ता त्याला लागायचा, आत्ता मशीन नव्हतं म्हणून पत्ता सुटा दिसत होता. तो ठेवला. बाकीचे सोडून दिले. शेडमध्ये, ऑफिसात, कोणाच्या वहीत कुठे पत्ता लिहिलेला आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन बघण्याला पर्याय नाही.

ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाचं कोडं सुटलं. ज्या मुलाने सगळं उभं केलं त्याला फोनवर विचारलं होतं, पण नोकरीच्या गडबडीत त्याला निवांत वेळ नव्हता. "वहिनी, गणपतीला येतोय, तेव्हा बसू," म्हणाला. एवढ्यात एक आठवण मात्र त्याने दिली: करोनाच्या काळात नवीन बुकिंगची चाचणी त्याने तिथे केली होती. तिथल्या डेटाबेसची शेवटची प्रत घेऊन मशीन आणि डेटाबेस दोन्ही काढले. प्रत एक महिना ठेवून मग तीही काढायची, असं शीटमध्ये लिहून ठेवलं.

गणेश चतुर्थी त्या वर्षी ७ सप्टेंबरला होती. आरत्या, भजनं, येणं-जाणं आटोपल्यावर तो एका दुपारी लॅपटॉप घेऊन आमच्या पडवीत बसला आणि शीटमधली एकेक ओळ आम्ही घेत गेलो. जे मला महिनाभर उलगडत नव्हतं ते तो एका वाक्यात सांगत होता. हे दोन नॅट गेटवे कशाला? पैसे भरण्याच्या सेवेला ठरावीक पत्त्यावरूनच संपर्क लागतो म्हणून, आणि दोन झोनमध्ये (एकाच रीजनमधल्या वेगवेगळ्या डेटासेंटरांत) एकेक. मुंबईत एका नॅट गेटवेचा दर तासाला ०.०५६ डॉलर आहे, शिवाय त्यातून जाणाऱ्या डेटाचा वेगळा. दोघांचे मिळून जीएसटीसकट महिन्याला आठ हजारांच्या घरात जात होते, आणि सीझन नसताना त्यातून जवळजवळ काहीच जात नव्हतं. दोन्ही काढले. पण त्यांच्याबरोबरचे इलॅस्टिक आयपी ठेवले. नॅट गेटवे काढला तरी त्याचा पत्ता आपोआप सुटत नाही, तो आपल्या नावावर राहतो. पैसे भरण्याच्या सेवेकडे तेच पत्ते मान्य करून घेतलेले आहेत, आणि ते बदलायचे म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा वाट. त्या मानाने महिन्याचे सहा-सातशे रुपये परवडतात.

मग 'टेम्प-मे२१' ही डिस्क आली. २०० जीबी, कशालाही जोडलेली नाही, महिन्याला जीएसटी धरून दोन हजारांच्या वर. त्यालाही आठवेना. काढूनच टाकू असं तो म्हणाला, पण मी नियमावर अडून राहिले. सुटी डिस्क नुसती उघडून बघता येत नाही, ती त्याच झोनमधल्या एखाद्या मशीनला जोडावी लागते. एक छोटं मशीन चालू केलं, डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली. आत फोटो होते. १६-१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं, त्यानंतर पंचनाम्यासाठी बागायतदारांनी पाठवलेले फोटो. मुळासकट उपटलेली कलमं, मोडलेल्या फांद्या, झाडाखाली पडलेल्या कैऱ्यांचा खच, कौलं उडालेली शेड. प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर आणि त्यात सर्व्हे नंबर लिहिलेली एक फाइल. त्या दिवसांत वीज नव्हती, रेंज नव्हती, कोणी चार्जिंग कुठून केलं, कोणी टेकडीवर जाऊन फोटो पाठवले, हे मला सगळं आठवलं. आम्ही दोघंही बराच वेळ एकेक फोटो बघत राहिलो. त्यातली दोन-तीन माणसं आता नाहीत.

प्रत्यक्षात फोटो ४० जीबीच्या आत होते. ते एस-थ्रीमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीत, ग्लेशियर डीप आर्काइव्ह या सर्वांत स्वस्त वर्गात ठेवले आणि एक प्रत गटाच्या हार्ड डिस्कवर. डीप आर्काइव्हमधून काही काढायचं तर अर्धा दिवस थांबावं लागतं आणि १८० दिवसांच्या आत काढून टाकलं तरी तेवढ्या दिवसांचे पैसे पडतात. या फोटोंसाठी ते चालतं. दोन हजारांच्या जागी आता महिन्याला काही रुपये जातात. डिस्क त्यानंतरच काढली.

डेटाबेसचं काम मी जपून केलं. आरडीएस (एडब्ल्यूएसवरचा डेटाबेस) थांबवता येतो, पण सात दिवसांनी तो आपोआप परत चालू होतो. सीझन नसताना महिनोन्महिने विसाव्याला ठेवायचा तर हा उपाय कामाचा नाही. वर्षभर तो लागतोही, कारण हिशेब बघणारी आमची ताई आणि सीए मागच्या ऑर्डरी काढून बघत असतात. म्हणून दोन झोनमधली जोडी मोडून एकच ठेवला आणि मशीनही लहान केलं. आकार बदलताना तो थोडा वेळ बंद पडतो, तेव्हा ताईला आधी सांगून ठेवलं. जुन्या सीझनच्या ऑर्डरी काढून टाकायचा विचार सीएने तिथल्या तिथे थांबवला. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली: ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे क्लाउडच्या बिलावर आपण भरतो त्या १८ टक्क्यांचं क्रेडिट (वजावट) आंब्यापुरतं मिळत नाही, फक्त पल्पच्या डब्यांच्या वाट्याचं मिळतं. म्हणजे आमच्यासारख्यांना वाचलेल्या प्रत्येक शंभरामागचे बरेचसे अठरा रुपयेही खरेच वाचतात.

बाकीची कामं भराभर उरकली. वापरातल्या डिस्क जीपी-२ वरून जीपी-३ वर नेल्या. मशीन बंद न करता हे होतं आणि दर २० टक्के कमी पडतो. जुन्या एएमआयमुळे (मशीनच्या तयार साच्यांमुळे) स्नॅपशॉट निघत नव्हते, तेव्हा आधी एएमआयची नोंदणी रद्द केली, मग ते काढले. क्लाउडवॉचमधले लॉग, म्हणजे यंत्रणेच्या कामाच्या नोंदी, मुळात आपोआप कधीच जात नाहीत, त्यांना ९० दिवसांची मुदत घातली. एस-थ्रीमध्ये अर्धवट राहिलेल्या अपलोडचे तुकडे यादीत दिसत नाहीत, पण त्यांचे पैसे लागतात. रेंज जाऊन-येऊन असलेल्या आपल्या भागात असे तुकडे साचणारच. सात दिवसांत ते आपोआप काढले जावेत असा लाइफसायकल नियम प्रत्येक बकेटला (फाइल ठेवायच्या कप्प्याला) लावला. एक लोड बॅलन्सर (वेबसाइटवर येणारा भार मशीनमध्ये वाटून देणारी सेवा) अजून ठेवला आहे. पल्पची विक्री वर्षभर त्यावरून चालते असं ताईचं म्हणणं आहे, ते तपासायचं राहिलं आहे.

पैशांचं सांगायचं तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला आलेलं बिल बघून सगळे जरा हिरमुसले होते. ते सप्टेंबरच्या वापराचं होतं आणि त्यात महिन्याच्या मध्यापर्यंत चालू असलेल्या सगळ्याचे पैसे होते. काढल्या दिवसापर्यंतचं भाडं लागतंच. खरा फरक नोव्हेंबरच्या सुरुवातीला, दिवाळीच्या दिवसांत दिसला: जीएसटीसकट ९ हजारांच्या आत. काकांना एका गोष्टीचा याहून जास्त आनंद झाला. कार्डावरून आपोआप जाणारी रक्कम १५ हजारांच्या वर असली की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ओटीपी द्यावा लागतो. दर महिन्याला तो मेसेज यायचा तेव्हा ते नेमके बागेत, जिथे रेंज नाही, आणि बिल थकीत दिसायचं. आता सीझन सोडून बाकीच्या महिन्यांत पैसे परस्पर जातील. वाचलेली रक्कम कुठे वापरायची याचा सभेत ठराव झाला: शेडमधल्या लेबल प्रिंटरच्या जागी नवा घ्यायचा.

बजेटचा इशाराही लावला आहे. महिन्याचा अंदाज १२ हजारांच्या पुढे जातो आहे असं दिसलं की मला, ताईला आणि पुण्यातल्या त्या मुलाला ईमेल येतो. शीट गटाच्या ड्राइव्हवर आहे, आणि नवीन काही तयार करायचं तर 'कोणासाठी' आणि 'कधीपर्यंत' हे दोन टॅग लावल्याशिवाय करायचं नाही असं ठरलं आहे. जानेवारीच्या अखेरीला, पहिलं बुकिंग उघडण्याआधी, नॅट गेटवे राखून ठेवलेल्या त्याच पत्त्यांवर पुन्हा उभे करायचे आहेत, डेटाबेस मोठा करायचा आहे आणि शेडमध्ये एक चाचणीचं लेबल छापून बघायचं आहे. ती सगळी कामं तारखांसकट शीटच्या दुसऱ्या पानावर लिहून ठेवली आहेत.